डीडब्ल्यूडीएस : जर्मन व्यवहारातल्या शब्दाचं वय सांगणारी डिक्शनरी, बारा वर्षं वापरून लिहितेय

पहिलंच सांगून टाकते, हा रिव्ह्यू एका फुकट वेबसाइटचा आहे. डीडब्ल्यूडीएस म्हणजे जर्मन भाषेचा डिजिटल शब्दकोश, बर्लिन-ब्रांडेनबुर्ग विज्ञान अकादमी चालवते. शब्द बघायला पैसे नाहीत, लॉगिन नाही, मधेच उड्या मारणाऱ्या जाहिराती नाहीत. मी भोसरीला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत एक्स्पोर्टचं टेबल सांभाळते, जर्मनीला जाणारी कोटेशनं, इन्व्हॉइस, पेमेंटची स्मरणपत्रं, तक्रारींची उत्तरं सगळं माझ्या हातून जातं, २००१ पासून हेच काम. ऑफिसात नवीन आलेली मुलं विचारतात की मॅडम ट्रान्सलेटरमध्ये टाकलं की झालं ना, तुम्ही ही डिक्शनरी काय उघडून बसता, तर दर वेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

मी जर्मन शिकले नव्वदच्या दशकात. पुण्यात जर्मन शिकायची सोय तेव्हाही भरपूर होती, मॅक्सम्युलर भवन होतं, रानडे इन्स्टिट्यूट होतं, शिवाय खासगी क्लास. मी घराजवळच्या एका छोट्या क्लासला जायचे. सर अगदी जीव तोडून शिकवायचे पण व्यापारी पत्रव्यवहाराचं पुस्तक फार जुनं, झेरॉक्सची झेरॉक्स काढलेलं, आणि आम्हाला कुणाला हे माहीतच नव्हतं की पुस्तक जुनं असलं तर त्यातला व्यापारसुद्धा जुना असतो. त्यात दिवाळं निघणं या गोष्टीला एकच शब्द होता, 'कॉन्कुर्स'. दिवाळखोर कंपनीचा कारभार बघणारा तो 'कॉन्कुर्सफेरवाल्टर'. पाठ करून टाकलं.

२००३ साली आमचं एक जर्मन गिऱ्हाईक, छोटीच फॅक्टरी, पैसे द्यायचं थांबलं. मग एका वकिलाच्या ऑफिसातून पत्र आलं, तीन पानी, त्यात ठिकठिकाणी 'इन्झॉल्व्हेन्त्स' असा शब्द. माझ्या पुस्तकात 'इन्झॉल्व्हेंट'चा अर्थ फक्त 'सध्या पैसे देऊ न शकणारा' एवढाच दिला होता, मला वाटलं सध्या हात आखडलाय, थोडं थांबा असं सांगताहेत, कॉन्कुर्स शब्द तर कुठेच नाही म्हणजे बुडालेले नाहीत. मी पत्र फाइलला लावून टाकलं. आठवड्याभराने साहेबांनी विचारलं तेव्हा परत काढून शब्द शब्द लावत बसले तर खाली आपला क्लेम नोंदवायची मुदत दिली होती आणि ती संपायला चारच दिवस उरले होते. त्या रात्री फॅक्सवर फॅक्स करून कागद गेले. त्या चार दिवसांत पोटात जो गोळा आला होता तो अजून आठवतो.

झालं काय होतं, तर जर्मनीचा दिवाळखोरीचा कायदा, 'कॉन्कुर्सऑर्डनुंग', १८७७ सालचा. १ जानेवारी १९९९ ला तो जाऊन 'इन्झॉल्व्हेन्त्सऑर्डनुंग' आला. त्या दिवसापासूनच्या नव्या प्रकरणांत कोर्टाच्या कागदांवर कॉन्कुर्स संपला. शंभराच्या वर वर्षं चाललेला शब्द एका सरकारी तारखेला निवृत्त झाला, आणि मी मात्र इकडे तोच घोकून बसले होते.

आता डिक्शनरीकडे येते. डीडब्ल्यूडीएस मला सापडली ती बरीच नंतर, आणि सापडल्यावर पहिला शब्द टाकला तो हाच. या साइटवर शब्दाच्या पानावर अर्थ, उच्चार, व्याकरण, व्युत्पत्ती, शब्द कुणाच्या सोबतीने येतो ते, वापराची उदाहरणं हे सगळं आहेच, पण त्यात एक छोटासा ग्राफ असतो, शब्दाच्या चढउताराचा. एक ग्राफ साधारण १६०० सालापासून, जुन्या छापील पुस्तकांवरून, आणि दुसरा १९४६ पासूनच्या वर्तमानपत्रांवरून. कॉन्कुर्स टाका आणि वर्तमानपत्रांचा ग्राफ बघा, मग दुसऱ्या टॅबमध्ये इन्झॉल्व्हेन्त्स टाका. एक रेघ उतरते, दुसरी चढते, आणि दोन्हींचं वळण त्या १९९९ च्या आसपास. मी ते दोन टॅब शेजारी शेजारी लावून कितीतरी वेळ बघत बसले होते, माझी २००३ ची चूक तिथे चित्र काढून दाखवल्यासारखी दिसत होती.

आणि मग व्युत्पत्ती. इथे वोल्फगांग फाइफर यांचा व्युत्पत्तिकोश जोडलेला आहे, पूर्व बर्लिनच्या अकादमीत तयार झालेला, १९८९ साली पहिल्यांदा छापला गेला. माझ्या मते या साइटचं सोनं हेच. कॉन्कुर्स म्हणजे लॅटिनमध्ये एकत्र धावणं, देणेकऱ्याच्या दारात सगळे सावकार धावत जमतात ते. 'बांक्रॉट' इटालियनमधून आलेला, तुटलेला बाक, सराफाचा बसायचा बाक. 'प्लाइटे' हा बोलीतला शब्द यिडिशमार्गे हिब्रूतून, मूळ अर्थ पळून जाणं, सुटका. आपल्याकडे दिवाळं वाजतं, त्यांच्याकडे बाक मोडतो किंवा माणूस पळतो. एकाच संकटाला चार शब्द, पण चारही ठिकाणं वेगळी. पेपरच्या मथळ्यात प्लाइटे, कोर्टात इन्झॉल्व्हेन्त्स, स्वित्झर्लंडमध्ये अजूनही अधिकृत शब्द कॉन्कुर्सच, आणि बांक्रॉट, हा लक्षात ठेवा, हे जर्मन फौजदारी कायद्याच्या कलम २८३ चं नाव आहे, दिवाळखोरीत केलेल्या गुन्ह्याचं. बोलताना लोक नुसतं बुडाला या अर्थानेही म्हणतात पण ऑफिसच्या पत्रात गिऱ्हाइकाला हा शब्द लिहिलात तर तो त्याला आरोपासारखा लागू शकतो. ट्रान्सलेटर हे चारही शब्द आळीपाळीने फेकतो, कुठला कुणाच्या तोंडी शोभतो ते सांगत नाही. म्हणून उघडून बसते मी ही डिक्शनरी.

एकदा हा नाद लागला की टेबलावरचा कुठलाही कागद साधा राहत नाही. आमची एखादी पॅकिंग लिस्ट घ्या: ब्रुट्टो, नेटो, टारा, म्हणजे एकूण वजन, निव्वळ वजन आणि नुसत्या पॅकिंगचं वजन. इन्व्हॉइसच्या तळाला पेमेंटची अट: १० दिवसांत दिलेत तर २ टक्के 'स्कॉन्टो' म्हणजे सूट, नाहीतर ३० दिवसांत नेटो. ऑर्डर रद्द झाली तर 'श्टोर्नो', खात्याला 'कॉन्टो', शिल्लक 'झाल्डो'. यातला एकही शब्द मुळात जर्मन नाही, सगळे इटलीहून आलेले. पंधराव्या सोळाव्या शतकात दक्षिण जर्मनीचे व्यापारी व्हेनिसला माल घेऊन जायचे, रिआल्टो पुलापाशी जर्मन व्यापाऱ्यांची स्वतंत्र वखार होती, ती इमारत अजून उभी आहे. आउग्सबुर्गचा बडा व्यापारी-सावकार याकोब फुग्गर, त्याचा हिशेबनीस मात्थेउस श्वार्त्स हा इटलीत जाऊन हिशेब शिकून आलेला माणूस. विद्या जिथून घेतली तिथलेच शब्द आले. आज जे लोक जर्मनमध्ये इंग्लिश घुसलंय म्हणून कपाळाला हात लावतात त्यांनी एकदा स्वतःचं बँक स्टेटमेंट वाचावं, त्यावर पाचशे वर्षांपूर्वीचं इटालियन आहे आणि ते कुणालाच परकं वाटत नाही. आपल्या जमा, वसूल, बाकी या शब्दांचं तेच झालं, फारसीतून आले आणि किराणा दुकानाच्या वहीत कायमचे बसले.

इटालियननंतर फ्रेंचचा थर. ऑफिसला 'कॉन्टॉर', 'ब्युरो', पाकिटाला 'कुव्हेर', रजिस्टर पत्राला 'रेकमांडे'. इथे एक माणूस मधे येतो, हाइनरिश फॉन श्टेफान, जर्मन साम्राज्याचा टपालप्रमुख. १८७४ साली त्याने शेकडो फ्रेंच टपाली शब्द एका फटक्यात बदलले. पाकीट झालं 'ब्रीफउमश्लाग', रजिस्टर्ड झालं 'आइनश्राइबेन', आणि हे शब्द दीडशे वर्षांनंतर आजही कुरियरच्या पावतीवर मला रोज दिसतात. पुढे रेल्वेतही तेच, प्लॅटफॉर्मला म्हणायचे त्या पेरॉनचा 'बानश्टाइग' झाला, तिकिटाच्या बिलेटचं 'फारकार्टे'. आपल्याकडे शिवकाळात राज्यव्यवहारकोश केला गेला तेव्हाची धडपड आठवते हे वाचताना, कारण त्याहीमागे राज्यसत्ता होती. श्टेफानचे शब्द टिकले कारण टपालखातं त्याच्या ताब्यात होतं, प्रत्येक फॉर्मवर, प्रत्येक खिडकीवर त्याचाच शब्द छापलेला, लोकांना दुसरा पर्यायच नव्हता. पण त्याच्या हद्दीबाहेर त्याचं चाललं नाही! आमच्या स्विस गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये अजून 'कुव्हेर' आणि कोटेशनला 'ऑफेर्टे' येतं, जिथे श्टुटगार्टवाला 'आनगेबोट' लिहील. नवीन मुलांना मी हेच सांगते, आधी बघा पत्र कुठल्या देशात चाललंय, मग शब्द निवडा.

आता एक भाग जरा जड आहे, पण सोडून देणं मला पटत नाही. जानेवारी १९३४ मध्ये नाझी सरकारने कामगारांविषयी कायदा केला, त्यात कारखान्याचा मालक हा 'बेट्रीब्सफ्यूरर' झाला, कारखान्याचा फ्यूरर, म्हणजे नेता, हिटलरला लावायचे तोच शब्द, आणि कामगार झाले 'गेफोल्गशाफ्ट', म्हणजे अनुयायी, पाठीराखे. कामगार संघटना त्याआधी १९३३ मध्येच मोडून टाकल्या होत्या. ज्यू लोकांची दुकानं, कारखाने मातीमोल भावात हिसकावले त्याला 'आरिझीरुंग', म्हणजे आर्यीकरण, असा शब्द दिला, वाचायला एखाद्या ऑफिसच्या प्रक्रियेसारखा. धंद्याची भाषा किती सभ्य चेहऱ्याने चोरी लपवू शकते हे त्या एका शब्दात दिसतं. गेफोल्गशाफ्ट हा शब्द मी पहिल्यांदा एका जुन्या जर्मन कंपनीच्या वर्धापनदिनाच्या पुस्तिकेत पाहिला, तीसच्या दशकातल्या फोटोखाली छापलेला, मला वाटलं 'स्टाफ'साठी जुना सुंदर शब्द असेल, आणि मी तो आमच्या शुभेच्छापत्रात वापरायच्या बेतात होते. डिक्शनरी उघडली म्हणून थांबले. हे माझ्या हातून गेलं असतं तर समोरच्या माणसाने वाचून काय समजलं असतं याचा विचार करूनसुद्धा नको वाटतं.

युद्धानंतर पश्चिमेत 'मिटआर्बाइटर', म्हणजे सहकारी, हा शब्द रुळला, आणि पूर्वेत वेगळाच संसार. फाउएबे म्हणजे जनतेच्या मालकीचा उद्योग, 'कॉम्बिनाट' म्हणजे अशा कारखान्यांचा समूह, 'ब्रिगाडे' म्हणजे कामगारांची तुकडी, आणि एचआर खात्याला 'काडर' विभाग. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि हे शब्द ज्या संस्थांचे होते त्याच गेल्या. त्यात माझ्या मनात रुतून बसलेला शब्द म्हणजे 'अबविकेल्न'. मूळ अर्थ गुंडाळी सोडवणं, आणि व्यापारात व्यवहार पार पाडणं. आम्ही आजही लिहितो की ऑर्डरची 'अबविक्लुंग' अमुक व्यक्ती बघेल, साधं वाक्य आहे. पण १९९० नंतर ट्रॉयहांड नावाच्या सरकारी संस्थेने पूर्वेचे हजारो कारखाने एक तर विकले नाहीतर बंद केले, आणि बंद करण्याला शब्द हाच, अबविकेल्न. लाइपझिग, केमनित्स बाजूच्या पन्नाशी-साठीच्या माणसाला या शब्दाने घरात आलेली बेकारी आठवू शकते. शब्द तोच, स्पेलिंग तेच, आणि श्टुटगार्टला आणि केमनित्सला वजन वेगळं. आमचा एक सप्लायर त्या भागातला आहे, त्याला लिहिताना मी 'बेआर्बाइटुंग', म्हणजे काम हाताळणं, असं लिहिते, अर्थ भागतो आणि जुनी जखम चाळवत नाही.

याच ठिकाणी डिक्शनरीविषयी एक माहिती द्यायला हवी. डीडब्ल्यूडीएसचा पाया आहे तो पूर्व जर्मनीत केलेला सहा खंडांचा शब्दकोश, १९६१ ते १९७७ या काळात प्रसिद्ध झालेला, आणि त्याच्या चौथ्या खंडापासून संपादकांनी उघडच जाहीर केलं होतं की इथून पुढे मांडणी मार्क्सवादी-लेनिनवादी दृष्टीने होईल. अकादमीवाले त्यावर सतत काम करतात, नोंदी नव्याने लिहितात. तरी धंदा, भांडवल, मालक असल्या शब्दांची जुनी व्याख्या समोर आली तर ती कुठल्या काळात कुठे बसून लिहिली हे मनात ठेवून वाचा. मला तर यात उलट गोडी वाटते, शब्दांचा इतिहास सांगणारा कोशच स्वतः त्या इतिहासातून गेलेला आहे.

हुद्द्यांचं थोडक्यात सांगते कारण हे बऱ्याच जणांना कामाचं आहे, हल्ली आपली कितीतरी मुलं तिकडे ट्रेनिंगला चाललीत, महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करारही केलाय. जुन्या पुस्तकातला 'लेअरलिंग' म्हणजे उमेदवार, शिकाऊ, तो १९६९ च्या कायद्याने 'आउसत्सुबिल्डेंडर' झाला, बोलताना 'अत्सूबी'. लेअरलिंग अजून कानावर येतो, विशेषतः सुतार, बेकर असल्या पारंपरिक व्यवसायात आणि ऑस्ट्रियात, पण जर्मनीतल्या करारपत्रावर सहसा अत्सूबीवाला शब्द. ऑफिस क्लार्कचे तीन वेगवेगळे कोर्स होते ते २०१४ मध्ये एकत्र होऊन 'काउफमान' किंवा 'काउफफ्राउ फ्युर ब्युरोमॅनेजमेंट' झालं. अविवाहित बाईला 'फ्रॉइलाइन' म्हणणं सरकारी कामकाजातून १९७२ मध्येच बंद झालं, आमच्या झेरॉक्समध्ये मात्र ती फ्रॉइलाइन १९९६ मध्येही टायपिंग करत बसली होती. आणि नोकरीच्या जाहिरातीत कंसात एम, डब्ल्यू, डी अशी तीन अक्षरं दिसतात, पुरुष, स्त्री, इतर, ती २०१८ च्या शेवटी तिसऱ्या लिंगनोंदीचा कायदा झाल्यापासून सगळीकडे पसरली. मुलं विचारतात हा डिग्रीचा कोड आहे का. नाही रे बाबांनो, तुम्ही कुणीही असा, अर्ज करा, असं सांगणारी अक्षरं आहेत ती.

आता इंग्लिश. यावर सगळ्यांचं एक मत ठरलेलं असतं की जर्मन बिझनेसमध्ये आता सगळं इंग्लिशच चालतं. मला इतक्या वर्षांनंतर तसं वाटत नाही. मीटिंग, डेडलाइन, होमऑफिस, टीम हे आलेत आणि राहणार. 'कंट्रोलिंग' सुद्धा आहे पण त्याचा जर्मन अर्थ वेगळा, कंपनीचं नियोजन आणि आकड्यांवर नजर ठेवणारा विभाग, तिथल्या बाईंना कंट्रोलर म्हटलं की त्या कुणावर हुकूम चालवत नसतात. पण इंग्लिश लावलं की चाललं असं होत नाही. डग्लस या अत्तर-सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांची 'कम इन अँड फाइंड आउट' ही घोषणा कितीतरी जर्मनांनी 'आत या आणि बाहेरची वाट शोधा' अशी समजून घेतली, शेवटी कंपनीने जर्मन घोषणा आणली. जर्मन रेल्वेनेही इंग्लिश शब्द कमी करायचं ठरवून कर्मचाऱ्यांसाठी जर्मन प्रतिशब्दांची यादी काढली होती.

आणि खरी गंमत मेलच्या तळाशी असते, तिथे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचायची सवय लावा. एका माणसाच्या व्हिजिटिंग कार्डवर सीईओ असतं, मेलमध्ये सही मॅनेजिंग डायरेक्टर अशी असते, आणि तळाशी बारीक अक्षरात 'गेशेफ्ट्सफ्यूरर', म्हणजे कंपनीचा कायदेशीर संचालक, म्हणून त्याचंच नाव. ती बारीक ओळ शोभेची नाही. १८९२ पासून चालत आलेल्या गेएमबेहा, म्हणजे आपल्या प्रायव्हेट लिमिटेडसारख्या, कंपन्यांच्या कायद्याचं कलम ३५अ सांगतं की व्यावसायिक पत्रावर कंपनीचा प्रकार, गाव, रजिस्टरचं कोर्ट, नोंदणी नंबर आणि सगळ्या गेशेफ्ट्सफ्यूररांची नावं पाहिजेतच. तसंच सहीआधी 'पीपीए' असेल तर तो 'प्रोकुरिस्ट', व्यापार कायद्याने अधिकार दिलेला माणूस, त्याची नोंद व्यापार रजिस्टरमध्ये असते, तो कंपनीला बांधून घेणारी सही करू शकतो. 'प्रोकुरा' हा शब्दही इटालियन बरं का. १९०० साली लागू झालेल्या व्यापार कायद्यातही तो आहे आणि अजून हललेला नाही, त्याच्या आजूबाजूला सेल्स हेड, की अकाउंट मॅनेजर किती आले आणि गेले. कार्डवरचा शब्द फॅशनने बदलतो आणि कायद्यातला शब्द कायदा बदलल्यावरच बदलतो, पैसे अडकले की आपल्याला दुसराच लागतो. मी हे २००३ मध्ये चार दिवसांत शिकले.

एक शब्द मात्र असा आहे ज्याच्यासाठी मी मुद्दाम ही साइट लोकांना उघडून दाखवते, 'नाखहाल्टिशकाइट', म्हणजे शाश्वतता, सस्टेनेबिलिटी. हल्ली प्रत्येक जर्मन गिऱ्हाइकाकडून आपल्याला प्रश्नावल्या येतात, वीज किती, पाणी किती, मजुरांचं वय, कचरा कुठे जातो. १ जानेवारी २०२३ पासून त्यांचा पुरवठासाखळीचा कायदा लागू झाला त्यानंतर तर जास्तच. सगळ्यांना वाटतं हा आजकालचा फॅशनेबल शब्द. पण त्याचं मूळ आहे १७१३ मध्ये. हान्स कार्ल फॉन कार्लोव्हित्स नावाचा सॅक्सनीतल्या फ्रायबेर्गचा खाणअधिकारी, त्याच्या खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड अमाप लागायचं आणि जंगलं संपत आली होती. त्याने जंगलावर ग्रंथ लिहिला, त्यात म्हटलं की लाकूड असं वापरा की ते पुढेही पुरत राहील, आणि त्यासाठी 'नाखहाल्टेंड' हा शब्द वापरला. पुढे कितीतरी वर्षं तो वनखात्याचाच शब्द होता. ग्राफमध्ये बघाल तर बराच काळ जमिनीलगत चालतो आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून एकदम चढायला लागतो. एका खाणवाल्याची लाकडाची चिंता तीनशे वर्षांनी भोसरीच्या एका शेडमध्ये प्रश्नावली होऊन येते, आणि मी ती भरते. मला हे फार मोठं वाटतं, आणि तेव्हापासून मी त्या प्रश्नावल्या कंटाळून भरत नाही.

साइट कुणासाठी आहे ते सांगते. सगळं जर्मनमध्येच आहे, अर्थसुद्धा जर्मनमध्ये समजावलेले, तेव्हा निदान बी वन, म्हणजे भाषेच्या परीक्षांतली मधली पातळी, झालेलं असेल तर हाताशी येईल, त्याआधी साधा जर्मन-इंग्लिश कोश बाजूला ठेवा. ग्राफ बघताना हे लक्षात घ्या की तो पुस्तकं आणि वर्तमानपत्रांवरून काढलेला असतो, आणि धंद्यातली पत्रं पेपरात छापून येत नाहीत. त्यामुळे पत्राच्या मायन्याला आणि शेवटाला या ग्राफवर विसंबू नका. 'हॉखआख्टुंग्सफोल' हा माझ्या झेरॉक्समधला शेवट, अत्यंत आदरपूर्वक असा, पुस्तकात सगळ्यात सभ्य म्हणून दिलेला. आज तो गोठलेला वाटतो, वकिलाच्या नोटिशीखाली किंवा भांडणाच्या पत्राखाली शोभेल असा. नेहमीच्या पत्राला 'मिट फ्रॉइंडलिशेन ग्र्यूसेन', ओळख झाली की 'फीले ग्र्यूसे'. आणि समोरच्या पत्राला 'आपलं सन्माननीय अमुक तारखेचं मिळालं' अशा थाटात 'ईअर गेएर्टेस' म्हणायची जुनी व्यापारी पद्धत होती ती तर आता संग्रहालयातच. हे सगळं शिकायचं तर गिऱ्हाइकाचं मागचं पत्र उघडा आणि तो जसं लिहितो तसं लिहा, त्याला तोड नाही. नव्याने आलेल्या शब्दांसाठी मानहाइमच्या जर्मन भाषा संस्थेचा नवशब्दांचा कोशही आहे, तोही फुकट, मी दोन्ही उघडे ठेवते.

ती झेरॉक्स मी अजून टाकलेली नाही. ज्या ज्या शब्दाचं साल सापडत गेलं ते समासात पेन्सिलने लिहीत गेले. कॉन्कुर्सपुढे १९९९, लेअरलिंगपुढे १९६९, फ्रॉइलाइनपुढे १९७२. बँकेच्या धड्यातला खातं नंबर आणि बँक कोड काट मारून आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खातं नंबर, २०१४. आता ती माझ्या हाताखालच्या मुलीकडे दिलीय. परवा तिने विचारलं, मॅडम, जर्मन सप्लायर म्हणतो की पीडीएफ मेल केलेलं बिल आता 'एलेक्ट्रोनिशे रेखनुंग' धरत नाहीत, असं कसं, मेलने आलं म्हणजे इलेक्ट्रॉनिकच ना. डिक्शनरीत शोधून तिला काही सापडेना, कारण शब्द जुनाच आहे आणि ग्राफही आपला चाललाय. मग दोघींनी कायदा काढला. १ जानेवारी २०२५ पासून जर्मनीतल्या कंपन्यांच्या आपापसातल्या व्यवहारात हे नाव फक्त ठरावीक साच्यातल्या, मशीनला थेट वाचता येणाऱ्या बिलालाच आहे, साधं पीडीएफ आता 'इतर बिल'. आपल्याला इथून ते बंधन नाही, पण त्याच्या मेलचा अर्थ लागला. तिने ड्रॉवरमधून पेन्सिल काढली आणि 'रेखनुंग'च्या समासात तारीख लिहून टाकली.